धनकोनाम कोण? तगाद्याच्या इतिहासातील एक नवे प्रकरण

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद मासिक बैठकीला सलग दोन वेळा आले नाहीत. हैदराबादेतील एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि आम्ही सारे त्यांना गुरुजी म्हणतो. बैठकीला पाच मिनिटे आधी येऊन सतरंजी झटकणारा हा माणूस. म्हणून प्रकृतीच्या चौकशीसाठी आम्ही घरी गेलो. प्रकृती ठीक होती. बऱ्याच आढेवेढ्यांनंतर, सूनबाई चहा ठेवायला आत गेल्या तेवढ्या अवधीत, त्यांनी खरे कारण सांगितले. त्यांना एक फोन आला होता. एका वित्तसंस्थेच्या वकिलाच्या कचेरीतून बोलतो आहोत, असे सांगून पलीकडच्या गृहस्थाने गुरुजींचे पूर्ण नाव, जुना पत्ता आणि पॅन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. आठ वर्षांपूर्वी घेतलेले पस्तीस हजारांचे कर्ज थकले आहे, वॉरंट निघाले आहे, संध्याकाळपर्यंत 'तडजोडीची रक्कम' भरली नाही तर पोलीस घरी येतील आणि वसाहतीच्या सेक्रेटरीलाही कळवले जाईल, असे तो म्हणाला. गुरुजींनी आयुष्यात एकच कर्ज काढले, घराचे, आणि तेही मुदतीआधी फेडले. तरीही त्यांनी अठरा हजार चारशे रुपये भरले.

"देणे नव्हते, तर दिलेत का?" असे आम्ही विचारले. त्यावर ते इतकेच म्हणाले, "चार माणसांत शोभा नको."

कर नाही त्याला डर कशाला, ही आपली म्हण. गुरुजींनी ती वर्गात कितीदा तरी समजावून सांगितली असेल. मग कर नसलेल्या माणसाला एवढी डर कशाची वाटली? या प्रश्नाने आम्हाला जुन्या कागदांकडे नेले. नसलेल्या कर्जाचा तगादा ही टेलिफोनच्या युगाची करामत असली, तरी ज्या भीतीवर तो उभा आहे ती भीती फार जुनी आहे. आणि तिच्यावरचा उताराही तितकाच जुना आहे, असे आमच्या ध्यानात आले.

प्रथम 'तगादा' या शब्दाकडेच पाहू. कर्ज, खत, वसूल यांच्याप्रमाणे हाही अरबी मुळाचा शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि पेशवाईत तो नुसता शब्द न राहता एक रूढ व्यवहार झाला. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचे कमिशनर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात न्यायाच्या प्रकरणी तगाद्याचे वर्णन मोठ्या बारकाईने केलेले आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असेल तर धनको त्याला अडकवून ठेवी, घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी. ऋणको वरच्या दर्जाचा असला तर रीत पालटे. मग विनवण्या, त्याच्या अब्रूला आवाहन, उंबरठ्यावर आडवे पडणे, दाराशी आरडाओरड करणे, आणि शेवटी दारात उपाशी बसणे. दारात माणूस उपाशी असताना घरधन्यालाही जेवता येत नसे. थकलेल्या पगारासाठी शिपाई आपल्या सरदारांच्या दारी हेच करीत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत १८०९ साल काढलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील धरण्यांची हकीकत आपल्या पत्रांत लिहून ठेवली आहे. पुढे ग्वाल्हेरचे लष्कर झाले ती हीच छावणी. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कर्त्यांना दैवी कोपाची भीती घालण्याचा गुन्हा समजावताना उदाहरण सुचले तेही दारात धरणे धरणाऱ्याचेच.

एवढे सगळे वाचून तगादा ही निव्वळ जुलूमशाही वाटेल. पण त्याच अहवालात एल्फिन्स्टन पुढे एक गोष्ट नोंदवतो, आणि आमच्या विषयाची किल्ली तीच आहे. मागणे वाजवी असेल तोवर तगादेदाराला हुसकून न लावणे हे अब्रूदार माणसाचे लक्षण मानले जाई. परंतु मागणे खोटे असेल तर ज्याच्यावर तगादा बसे तो स्वतःच पंचायतीची मागणी करी. म्हणजे खोट्या तगाद्याला ठरलेले उत्तर होते: पंचांपुढे चला. पैसे देऊन मोकळे होणे हे उत्तर नव्हते. दारात बसलेल्या माणसाला तोंड होते, नाव होते, गाव होते. त्याला उठवून चावडीवर नेता येत असे, आणि तेथे गेल्यावर अब्रूचा प्रश्न एकट्या ऋणकोचा उरत नसे. खोटे मागणाऱ्याचीही अब्रू तेथे पणाला लागे.

पंचांपुढे गेल्यावर पहिला प्रश्न खताचा निघे. आमच्यापैकी ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्यांनी असे एखादे खत पाहिले असेल. आरंभी 'धनकोनाम' म्हणून देणाऱ्याचे नाव, मग 'ऋणकोनाम' म्हणून घेणाऱ्याचे. नंतर रक्कम, व्याजाचा दर, मुदत. शेवटी साक्षीदारांची नावे आणि ज्याच्या हातचे अक्षर त्याचा दस्तुर. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढी आणि लेखक शेजारी 'निशाणी नांगर' असे लिही. देणे फिटले म्हणजे धनको फारखत लिहून देई. फारखत म्हणजे सुटकेचा लेख. याच शब्दाचे 'फारकत' हे रूप आज आपण नवराबायकोच्या काडीमोडासाठी वापरतो, हे जाता जाता सांगण्यासारखे. जामिनाचाही कागद निराळा असे. हाजिरजामीन माणसाला हजर करण्याची हमी देई, मालजामीन पैशाची. दोहोंत गल्लत होत नसे. तुमचा नंबर अमक्याने रेफरन्स म्हणून दिला आहे, तेव्हा त्याचे कर्ज तुम्ही भरा, असे आज फोनवर बेधडक सांगितले जाते. पेशवाईतल्या खेड्यातला पाटीलसुद्धा यावर विचारता झाला असता की जामीनकतबा कोठे आहे?

खत होते म्हणून सारे ठाकठीक होते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. इंग्रजी अमलात पंचायती मागे पडल्या, दिवाणी कोर्टे आली, आणि जे खत ऋणकोचे रक्षण करी तेच त्याच्या गळ्याचा फास झाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या हिताचा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवे खत करून घेऊ लागले. खतात काय लिहिले आहे हे नांगर काढणाऱ्याला वाचता येत नव्हते. दिलेल्या रकमा जमा धरल्या जात नसत, समन्स बजावणीविना परत जाई, आणि कोर्टात एकतर्फी हुकूमनामा होई. आपल्यावर दावा झाला होता हे शेतकऱ्याला कळे ते जप्ती दारात आल्यावर. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही समजूत आपल्या समाजात इतकी खोल का रुजली, याचे एक उत्तर या एकतर्फी हुकूमनाम्यांत सापडेल असे आम्हाला वाटते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुण्यात आणि नगर जिल्ह्यात हे लोण पसरले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत याचा उल्लेख असतो. या दंग्यांची लक्षणीय गोष्ट अशी की जमावाचा रोख माणसांवर कमी आणि कागदांवर अधिक होता. खते, हुकूमनामे, रोजकीर्द बाहेर काढा आणि जाळा, हीच मागणी. जेथे सावकाराने खते मुकाट्याने हवाली केली तेथे बहुधा मारहाण झाली नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. उच्च न्यायालयात १८९३ साली जाण्यापूर्वी न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखालचे स्पेशल जज्ज होते.

या कायद्याकडे आमच्या अभ्यासकांनी शेतीच्या अर्थकारणाच्या अंगाने पुष्कळ पाहिले आहे. त्याच्या यशापयशाचा वाद आम्ही येथे उकरत नाही. आमच्या विषयाला त्यातील तीनच गोष्टी पुरेशा आहेत. न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यावर विसंबून न राहता व्यवहाराचा इतिहास पहिल्या रुपयापासून तपासावा, असे कायद्याने सांगितले. शेतकऱ्याला प्रत्येक भरण्याची लेखी पावती आणि दरसाल हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. नाकारणारा धनको दंडास पात्र ठरला. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणे बंद झाले. आज फोनवरचा भामटा वॉरंटची धमकी देतो तेव्हा आमच्या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून १८७९ सालीच दूर झालेली टांगती तलवार तो पदवीधर माणसाच्या डोक्यावर पुन्हा लटकावीत असतो. पुढे सर्वांसाठीच हे तत्त्व रुजले. केवळ पैसे नाहीत म्हणून ऋणकोला दिवाणी तुरुंगात डांबता येत नाही, त्याचा अप्रामाणिकपणा सिद्ध व्हावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली स्पष्ट केले. न वटलेल्या धनादेशाचा खटला ही वेगळी बाब. पण त्यालाही लेखी नोटीस, तक्रार आणि खरोखरीचे न्यायालय लागते.

आमच्या हैदराबाद संस्थानात या इतिहासाला आणखी एक पदर आहे. येथे अरब आणि रोहिले फौजेत होते तसेच ते सावकारीतही होते. अरब जमादार उमरावांना कर्जे देत आणि दुसऱ्यांच्या कर्जांची वसुलीही अंगावर घेत. वसुलीचे साधन म्हणजे जंबिया आणि खाजगी कैदखाना. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांच्या कारकिर्दीतील कठीण कामांपैकी एक म्हणजे या अरबांच्या हातून कैद करण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार काढून घेऊन त्यांना कोर्टाच्या कक्षेत आणणे. वसुलीचा मक्ता तिसऱ्याच माणसाकडे सोपवण्याची पद्धत आधुनिक बँकांनी शोधली असे ज्यांना वाटते, त्यांनी जुन्या हैदराबादेचा हा अध्याय जरूर पाहावा.

मुंबईच्या गिरणगावात हीच भूमिका पठाणाने वठवली. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाशी काठी घेऊन उभा राहिलेला पठाण आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिला होता. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही कामगार आयोगाच्या अहवालाने त्याची दखल घेतली आणि कर्जवसुलीसाठी कारखान्याला वेढा देऊन उभे राहणे हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. मध्य प्रांतात १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा झाला. मुंबई प्रांताच्या १९४६ च्या सावकारी कायद्याने ऋणकोचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घुटमळणे, त्याला धाक घालणे हे शिक्षेस पात्र ठरवले. आमच्याकडेही १३४९ फसलीत सावकारी कायदा आला. या सगळ्या कायद्यांनी कर्ज फेडू नका असे कोठेही म्हटलेले नाही. मागणाऱ्याने नोंदलेल्या नावाने, हिशेब दाखवून आणि कोर्टाच्या वाटेने मागावे, एवढाच त्यांचा आग्रह.

पठाणाची काठी भयंकर होती, पण ती दिसत असे. आता ती दिसत नाही, आणि हा बदल आमच्या डोळ्यांदेखत झाला.

अमेरिकेत कर्जवसुलीचा धंदा फार पूर्वीपासून टेलिफोनवर चालत आला. तेथे १९७७ साली वसुलीदारांच्या वर्तनाचा कायदा झाला. वसुलीदाराने धनकोचे नाव आणि रक्कम लेखी कळवावी, ऋणकोने तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली तर पुरावा पाठवीपर्यंत वसुली थांबवावी, असे तो सांगतो. खत दाखवा हे आपले पंचायतीचे वाक्यच साता समुद्रापलीकडे कलमबद्ध झाले म्हणाना. त्याच देशात पुढे नसलेल्या कर्जाच्या वसुलीचा धंदा उभा राहिला. तेथे त्याला भुताचे कर्ज म्हणतात. २०१२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका टोळीविरुद्ध दावा लावला. ज्यांनी कधीकाळी इंटरनेटवर लहान कर्जासाठी नुसता अर्ज भरला होता, अशांची माहिती मिळवून त्यांना फोन केले जात होते. लोकांनी भरलेली रक्कम पन्नास लाख डॉलरहून अधिक होती. आणि फोन करणारे आवाज भारतातले होते.

चार वर्षांनी हे प्रकरण थेट आपल्या उंबरठ्याशी आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर धाड घालून सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून ही मुले तेथील माणसांना थकलेल्या कराची भीती घालीत, अटकेची धमकी देत आणि भेटकार्डांच्या रूपाने पैसे उकळीत. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत जे आरोपपत्र जाहीर झाले त्यात अहमदाबादेतील पाच कॉल सेंटरे होती. धाडीच्या बातम्या वाचताना आपल्या मुलांचे इंग्रजी केवढे सफाईदार, असा एक विचित्र अभिमानाचा सूर आम्ही त्या वेळी काही घरांतून ऐकला होता. लुटला जाणारा माणूस दूरचा होता, म्हणून असेल. दूरच्या माणसावर घोटलेली विद्या एक दिवस घरी परतते, याचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नाही, आणि आम्हीही केला नाही.

२०२० च्या टाळेबंदीत रोजगार गेले आणि मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपांचे पेव फुटले. पाच-दहा हजार रुपये पाच मिनिटांत मिळत. मोबदल्यात ॲप तुमच्या फोनमधील सारे क्रमांक आणि छायाचित्रे उचलून नेई. हप्ता चुकला की नात्यागोत्यांतल्या सगळ्यांना, कचेरीतल्या वरिष्ठांना, बदनामीचे संदेश. डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणात या छळापायी आत्महत्या घडल्या. येथील पोलिसांनी हैदराबाद, गुरुग्राम, बंगळूर आणि पुण्यातल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ साली केलेल्या पाहणीत सुमारे अकराशे कर्जॲपे आढळली आणि त्यांतली सहाशे बेकायदेशीर होती. ही ॲपे बंद पडत गेली, पण त्यांनी गोळा केलेल्या याद्या कोठे गेल्या? क्रमांक, पत्ते, पॅन, नात्यांची जंत्री असा तो सारा ऐवज बाजारात फिरत राहिला असणार. गुरुजींना फोन करणाऱ्याला पॅनचे चार आकडे ठाऊक होते, यात म्हणूनच नवल काही नाही. माहिती असणे आणि खत असणे यांतला भेद ज्याच्या मनात पुसला गेला, तो जाळ्यात सापडला.

हा भेद ओळखायचा कसा? रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांविषयी २००८ साली आणि डिजिटल कर्जांविषयी २०२२ साली जे नियम घातले, त्यांतच खऱ्या-खोट्याची कसोटी दडलेली आहे. प्रकरण एजंटाकडे सोपवताना बँकेने ऋणकोला त्याचे नाव आधी कळवायचे असते. घरी येणाऱ्याजवळ अधिकारपत्र आणि ओळखपत्र असावे लागते. सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर फोन करावयाचा नाही, असे २०२२ च्या ऑगस्टमध्ये बजावण्यात आले. डिजिटल कर्जाचा हप्ता थेट धनको संस्थेच्या खात्यात जावा लागतो. गुरुजींनी भरलेले पैसे कोणा एका व्यक्तीच्या यूपीआय नावावर गेले होते. गणिताच्या शिक्षकाने ते नाव वाचले होते. पण घाईच्या माणसाला दिसलेले उमगत नाही. आज भरा, आत्ता भरा, फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका: या चार वाक्यांत या धंद्याचे सगळे भांडवल आहे. पंचायतीला वेळ लागे. वेळ आणि चार माणसे यांचेच भामट्याला वावडे.

कोर्टाची नोटीस म्हणून राजमुद्रेचे चित्र छापलेला कागद व्हॉट्सॲपवर येतो. खरा दावा असेल तर त्याला क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. कर्ज आपल्या नावावर आहे की नाही याचा उतारा मागण्याचीही सोय आहे. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्यांपैकी प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा असतो. १८७९ च्या कायद्यातला वार्षिक उताराच हा, मात्र मागितल्यावाचून हाती पडत नाही. ज्यांचे खरोखरच कर्ज थकलेले आहे त्यांना तर अधिक जपावे लागते, कारण खऱ्या देण्याच्या माहितीवर खोटा वसुलीदार पटकन बेततो आणि निम्म्यात मिटवतो म्हणून गोड बोलतो. अशा वेळी फोनवरच्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर न जाता आपल्या करारपत्रावरचा क्रमांक शोधून मूळ संस्थेलाच विचारावे. अमुक ॲप कोणत्या मान्यताप्राप्त संस्थेचे आहे याची यादी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते. आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच काय ती असते. फसवणुकीचा नुसता संशय असेल, तर २०२४ साली दूरसंचार खात्याने सुरू केलेल्या 'चक्षू' या सोयीवर कॉलची नोंद करता येते.

गुरुजींनी १९३० ला फोन केला तो बावीस दिवसांनी. तोवर पैसे निघून गेले होते. त्या बावीस दिवसांत ते घरात कोणाशी बोलले नाहीत. पैशापेक्षा तेच त्यांना जड गेले असावे. भामट्याने उंबरठ्यावर धरणे धरायची गरजच ठेवली नव्हती, गुरुजी स्वतःच्याच दारात उपाशी बसले होते. पुढच्या बैठकीत आम्ही त्यांच्या संमतीने, नाव न घेता, विषय काढला. काही क्षण शांतता होती. मग एका निवृत्त अभियंत्यांनी घसा खाकरला. मग एका भगिनींनी. त्या दिवशी पंचवीस जणांच्या बैठकीत सात जणांना असे फोन आल्याचे निघाले, आणि त्यांतल्या तिघांनी पैसे दिले होते. तिघांच्याही घरी ही गोष्ट ठाऊक नव्हती. शेवटी गुरुजी उभे राहिले आणि चौथा मी, असे म्हणाले.

पुढे गुरुजींनी आपला पतअहवाल मागवला. त्यात २००९ साली फिटलेले घराचे कर्ज होते. दुसरे काही नव्हते. पणजोबांच्या वेळची दोन फारखते त्यांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत आहेत. अहवालाची प्रत त्यांनी त्याच पेटीत ठेवली.

दिवाळीच्या सुमारास आम्ही त्यांच्याकडे बसलो असताना पुन्हा फोन आला. आवाज निराळा, कहाणी तीच. आता व्याजाची फेरआकारणी झाली होती. गुरुजींनी आम्हाला हाताने थांबवले आणि वर्गात बोलत तशा संथ आवाजात विचारले, "धनकोचे नाव? पत्ता? खाते क्रमांक? माझी सही असलेला करार पोस्टाने पाठवा. दावा लावला असेल तर त्याचा क्रमांक सांगा, मी हजर राहतो." पलीकडून आधी अटकेची भाषा झाली, मग शिवी आली, आणि फोन बंद झाला. गुरुजींनी चष्मा लावला, टेबलावरची वही ओढली आणि तारीख घालून समोर वेळ लिहिली: सायंकाळी ७ वाजून ४० मिनिटे.